मांजर गेलं, पिसवा राहिल्या

२००५ सालच्या एप्रिलमध्ये माझ्या बाबांनी आमच्या मांजरीला भाजीच्या पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड नाडीनं बांधलं आणि सायकलवरून नेऊन डोंबिवलीच्या मच्छी मार्केटमागे सोडून दिलं. मी सातवीची परीक्षा देत होते. चिंगी तिचं नाव. जानेवारीत गटाराच्या कडेला सापडली होती आणि मीच तिला घरी आणलं होतं, त्यामुळे तिच्यावरचा आळ थोडा माझ्यावरही होता.

आळ असा, की घरात पिसवा तिनं आणल्या.

आम्ही तेव्हा बैठ्या चाळीत राहायचो. वर मंगलोरी कौलं, खाली शहाबादी फरशी, फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट जागोजागी उडालेलं. घरात मोती होता, आठ वर्षांचा गावठी कुत्रा. मार्चपासून तो रात्रभर खाजवत बसायचा, शेपटीच्या मुळाशी त्याचे केस गेले होते. मग आमच्या घोट्यांवर लाल पुळ्या यायला लागल्या. आजीनं निकाल दिला. "आठ वर्षं कुत्रा आहे घरात, कधी काही झालं नाही. मांजर आलं आणि हे आलं." यावर कोण काय बोलणार? चिंगी गेली. मोतीला कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ घालून 'थोडे दिवस' बदलापूरला मामाकडे पाठवलं. फरशी दोनदा फिनेलनं पुसली आणि आम्ही तीन आठवडे राजापूरला गेलो.

परत आलो त्या संध्याकाळी बाबांनी कुलूप काढलं, मी पळत आत गेले, आणि मिनिटभरात माझे पांढरे मोजे तपकिरी ठिपक्यांनी भरले. ठिपके हलत होते. आईनं मला ओढून बाहेर काढलं. ती रात्र आणि पुढच्या चार रात्री आम्ही सगळे ओट्यावर झोपलो.

घरात एकही जनावर नव्हतं. तीन आठवडे माणूसही नव्हतं. तरी पिसवा आधीपेक्षा जास्त. हे कसं, असा प्रश्न आमच्यापैकी कुणाला पडला नाही. आजी म्हणाली, "त्या मांजराचीच देणगी." शेवटी बाबांनी फवारणीवाल्याला बोलावलं, पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं, आणि जूनअखेर घर शांत झालं. दिवाळीत बदलापूरला गेलो, तर मामाची राणी तशीच खाजवत होती, विहिरीपाशी वावरणारी दोन मांजरंही. मोती ऑगस्टातच घरी परतला होता. जाताना काय ठेवून आला, ते कुणी बोललं नाही.

ही गोष्ट मी पंधरा वर्षं विसरले होते.

*

२०२० च्या टाळेबंदीत बहुतेकांनी केलं तेच मी केलं, जुन्या साथींबद्दल वाचत बसले. आपल्याला घरात बसवणारा एक कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा आहे, मुंबईच्या प्लेगसाठी केलेला, इथून सुरुवात झाली. प्लेग मुंबईत उघडकीला आला सप्टेंबर १८९६ मध्ये, मांडवीत, डॉ. अकासिओ व्हिएगस यांना. त्यानंतरचं बरंच आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. घरात घुसणारे सोजीर, रस्त्यावर जळणारं सामान, पुण्यात २२ जून १८९७ ला रँडवर झाडलेल्या गोळ्या.

आमच्या बाजूचा भाग मात्र शाळेत कुणी सांगितला नव्हता. मुंबईहून निघालेला रेल्वेमार्ग कल्याणला फुटतो, एक फाटा कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. त्यामुळे पळणाऱ्यांना अडवायला कल्याणइतकी सोयीची जागा नव्हती. स्टेशनात उतारूंना उभं करून डॉक्टर काखा, जांघा चाचपायचे, ताप बघायचे. परक्या पुरुषाचा हात बायकांच्या अंगाला लागतो, यावरून केवढा संताप झाला. आणि माणसं अशी चाचपली जात असताना धान्याची पोती मालगाडीतून, आतल्या उंदरांसकट, पुढे जात होती. उंदराच्या काखेत कुणी हात घातला नाही.

दोष सरकारी डॉक्टरांना देऊन मोकळं होता येत नाही. रोग माणसाकडून माणसाला कसा जातो, हेच कुणाला माहीत नव्हतं. जमिनीतून येतो म्हणून फरशा उकरल्या. हवेतून येतो म्हणून कौलं काढून ऊन आत घेतलं. स्पर्शानं होतो म्हणून कपडे जाळले. खेड्यापाड्यांतली माणसं त्या मानानं शहाणी निघाली. उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं आणि माळावर झोपड्या टाकून राहायचं, एवढं त्यांनी लवकर ओळखलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

'का' चं उत्तर आलं एका मांजरामुळे. हे वाचलं तेव्हा मी अंथरुणात उठून बसले.

*

पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर १८९७ मध्ये मुंबईत आला. आपल्याकडे त्याचं नाव कुणाला माहीत नाही. प्लेगवरचं सीरम घेऊन आला होता, पण हिंडता हिंडता त्याला पिसवांचा संशय आला. जून १८९८ मध्ये कराचीच्या एका हॉटेलात त्यानं प्रयोग मांडला. प्लेग झालेल्याच्या घरातून एक आजारी उंदीर पकडून काचेच्या मोठ्या बरणीत ठेवला. उंदरावर पिसवा पुरेशा वाटेनात, म्हणून हॉटेलभर फिरणारं एक मांजर धरलं आणि त्याच्या अंगावरच्या पिसवा उंदरावर सोडल्या. उंदीर मरायच्या बेताला आला तेव्हा जाळीच्या छोट्या पिंजऱ्यातला एक निरोगी उंदीर त्याच बरणीत टांगला. दोघांचा स्पर्श होणं शक्य नव्हतं. जाळीतून फक्त पिसवा जाऊ शकत होत्या. काही दिवसांत दुसरा उंदीर प्लेगनं मेला. बिनपिसवांच्या आजारी उंदराशेजारी ठेवलेले उंदीर जगले.

विश्वास कुणी ठेवला नाही. सरकारी प्लेग आयोगानं हे म्हणणं मोडीत काढलं आणि पुढची पाच-सहा वर्षं फरशा धुण्यात गेली.

मुंबईत तो धागा पुन्हा उचलला विल्यम ग्लेन लिस्टन यानं. हा परळच्या प्लेग प्रयोगशाळेतला. हाफकिननं सुरू केलेली ही प्रयोगशाळा १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात होती, आज आपण तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो. लिस्टननं १९०४ च्या नोव्हेंबरात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत एक व्याख्यान दिलं. त्यात एका चाळीची हकिकत आहे, एप्रिल १९०३ ची. आधी चाळीत उंदीर मेले. मग काही दिवसांनी खोल्यांत पिसवांचा इतका उपद्रव सुरू झाला, की माणसं खोल्या सोडून व्हरांड्यात झोपायला लागली. आणि मग व्हरांड्यात झोपणाऱ्यांपैकी एकाला प्लेग झाला, पाठोपाठ दुसऱ्याला.

खोल्या सोडून व्हरांड्यात झोपायला लागली. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला आमचा ओटा दिसत होता.

लिस्टननं त्या चाळीतल्या माणसांच्या अंगावरच्या ३० पिसवा पकडून तपासल्या. १४ उंदरांवरच्या निघाल्या. एरवी माणसांवर पकडलेल्या २४६ पिसवांत उंदरावरची फक्त एक होती. याचा अर्थ त्यानं सरळ लावला. पिसूला उंदीरच हवा असतो. उंदीर मेला, अंग थंड पडलं, की ती उतरते आणि मिळेल त्या उबेवर चढते. १९०३ मध्येच व्हिक्टोरिया गार्डनमधले, म्हणजे आजच्या राणीच्या बागेतले, गिनीपिग प्लेगनं मेले होते. त्यांच्या अंगावरही त्याला उंदरांच्याच पिसवा सापडल्या.

आमच्या घरात प्लेग नव्हता, हे सांगायला नको. पण चिंगी गेली, मोती गेला आणि ज्यांच्या रक्तावर घरातल्या पिसवा जगत होत्या ती दोन्ही उबदार अंगं आम्ही स्वतःच्या हातांनी बाहेर काढली. उरलो आम्ही.

*

इथे थांबता आलं असतं, पण परळचे प्रयोग पुढे असे काही रंगतात की सोडवत नाहीत.

१९०५ मध्ये नवं प्लेग संशोधन मंडळ कामाला लागलं. त्याची माणसं शीव, वडाळा, परळ, वरळी या तेव्हाच्या खेड्यांत फिरली. डोंबिवलीहून दादरला जाताना यातलं शीव आपण रोज लोकलच्या खिडकीतून मागे टाकतो. साहेबांच्या नावांमागोमाग अहवालात पै, रामचंद्रियर, अवारी अशी नावं येतात. पिसवा मोजण्याचं काम कुणाच्या वाट्याला आलं असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

प्लेगच्या खोल्यांत त्यांनी पिसवा काढलेले गिनीपिग १८ ते ४० तास मोकळे सोडले. गिनीपिग म्हणजे पिसवांचा चालता-फिरता सापळा. त्यांतले २९ टक्के पुढे प्लेगनं मेले. त्या खोल्यांत तेव्हा आजारी माणूस असायलाच हवा असं नव्हतं, आजारी उंदीरही नाही. खोलीच पुरेशी होती.

मग परळला त्यांनी एकाच मापाची सहा लहान घरं बांधली, अहवालात त्यांना गोदामं म्हटलंय. फरक फक्त छपरात. दोनांवर साधी देशी कौलं, त्यांत उंदीर सुखानं घरं करतात. दोनांवर मंगलोरी कौलं, त्यांत जरा अडचणीनं. दोनांवर पन्हाळी पत्रा, त्यात उंदरांना थाराच नाही. छपराखाली तारेची जाळी, म्हणजे उंदीर खाली येऊ शकणार नाही पण पिसवा पडतील. खाली गिनीपिग, काही आजारी केलेले, काही ठणठणीत. ही गोदामं मुद्दाम कधीच झाडली नाहीत. मलमूत्र, गळूंतला पू, त्यातच पडलेलं खाणं, सगळं तसंच.

पत्र्याच्या गोदामांत, जिथे पिसवा नव्हत्या, आजारी जनावरांच्या घाणीत लोळूनही निरोगी गिनीपिग निरोगी राहिले. प्लेग झालेल्या आईचं दूध पिणारी पिल्लंसुद्धा वाचली. कौलांच्या गोदामांत साथ पसरली, आणि जितक्या पिसवा जास्त तितकी वेगानं. त्याच गोदामात जमिनीपासून दोन फुटांवर टांगलेल्या पिंजऱ्यातला गिनीपिग वाचला, दोन इंचांवर ठेवलेला मेला, कारण उंदरावरच्या पिसूची उडी चार-पाच इंचांपलीकडे जात नाही. (मांजरावरची पिसू याहून बरीच उंच उडते, तेव्हा मांजराचं अंथरूण कपाटावर ठेवून भागणार नाही.) पिंजऱ्याभोवती सहा इंच रुंदीचा चिकट कागद पसरला तरी आतलं जनावर वाचत होतं.

आणि फरशा धुणं? प्लेगच्या जंतूंसाठी वापरायचं पाऱ्याचं जहाल औषध पिसवांना काही करत नव्हतं. जंतू मारणारं औषध किडा मारतंच असं नाही. आमचं फिनेल त्याच जातीचं.

*

आता आपल्या घरच्या पिसूकडे. आज कुत्र्यावर सापडणारी पिसू बहुतेक वेळा मांजराचीच जात असते. तिचं नावच मांजरावरून पडलंय, आणि कुत्रं, मांजर, ससा असा भेद ती करत नाही. त्यामुळे आजीचं 'मांजर आलं आणि हे आलं' खरंही असेल. किंवा मोतीनं नाक्यावरून आणल्या असतील आणि चिंगीवर त्या मोतीकडून चढल्या असतील. हा वाद निरर्थक आहे हे मला आता कळतं. दोघांवर होत्या आणि दोघांपेक्षा जास्त फरशीत होत्या.

कारण पिसूची अंडी केसांना चिकटून राहत नाहीत, जनावर जिथे झोपतं तिथे मीठ सांडावं तशी सांडतात. त्यांतून बारीक अळ्या निघतात, उजेड टाळत फटींत शिरतात आणि मोठ्या पिसवांची विष्ठा, म्हणजे वाळलेलं रक्त, खाऊन वाढतात. मग कोश. धुळीत माखलेल्या या कोशात पिसू काही दिवस किंवा काही महिनेसुद्धा थांबू शकते. पावलांची थरथर झाली, ऊब लागली, की बाहेर. आमच्या कुलूपबंद घरात तीन आठवडे कोश साठत गेले आणि मी धावत आत शिरले. पंधरा दिवसांनी पुन्हा फवारायला लागतं तेही याचसाठी, कोशातल्या पिसूपर्यंत औषध पोचत नाही.

२०२१ पासून मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. घरात भुरू नावाचा कुत्रा आहे आणि दोन मांजरी, ज्या घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. पहिल्याच पावसाळ्यात थोरल्या मांजरीच्या अंथरुणात मिरपूड सांडल्यासारखे काळे कण दिसले. डॉक्टरबाईंनी ते ओल्या पांढऱ्या कागदावर टाकून दाखवले. कणांभोवती लालसर डाग पसरला. पिसूची विष्ठा. बाहेर न जाणाऱ्या मांजरीला भुरूनं घरपोच आणून दिलेल्या पिसवा.

मी भुरूसाठी घेतलेल्या थेंबांची नळी पर्समधून काढून विचारलं, "हेच मांजरींना थोडं थोडं लावू?" दुकानदारानं चालेल म्हणून सांगितलं होतं. डॉक्टरबाईंनी नळी उलटी करून बारीक अक्षरं वाचली आणि माझ्या हातातून काढूनच घेतली. त्यात पर्मेथ्रिन होतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या यकृताला ते निकामी करता येत नाही. थरथर, झटके, मृत्यू. गोठ्यातल्या जनावरांसाठी मिळणाऱ्या फवारणीच्या अनेक औषधांतही याच कुळातलं काहीतरी असतं. लावल्यावर कुत्रा आणि मांजर एकमेकांना चाटत, बिलगून झोपत असतील, तर कुत्र्यावरचं औषधही मांजराच्या पोटात जाऊ शकतं. फिनेलसुद्धा मांजरांना वाईटच. पाय चाटतात त्या. २००५ मध्ये आम्ही चिंगीला फिनेलच्या फरशीवर ठेवलं नाही, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

तेव्हापासून घरात नियम आहे. तिघांनाही एकाच दिवशी, प्रत्येकाच्या वजनाचं आणि जातीचं औषध, खाजवत असो वा नसो. त्याच दिवशी सगळी अंथरुणं कढत पाण्यात, सोफ्याखाली आणि भिंतीच्या कडेनं व्हॅक्यूम, आणि व्हॅक्यूममधला कचरा लगेच बाहेर. एकदा पिसवा दिसल्या की हे निदान तीन महिने न चुकता. पहिल्या महिन्यात पिसवा कमी झाल्यासारख्या वाटतात आणि माणूस ढिला पडतो, मीही पडले होते.

जंतांचंही तेच. मांजरीच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर तो चपट्या जंताचा, टेपवर्मचा तुकडा असतो. या जंताची अंडी पिसूची अळी खाते, पिसू मोठी होते, मांजर अंग चाटताना ती गिळते. जंताचं औषध दिलं आणि पिसवा तशाच ठेवल्या तर दोन महिन्यांत दाणे पुन्हा दिसणार. या जंताचं बालरूप पहिल्यांदा १८६९ मध्ये मेल्निकोव नावाच्या संशोधकाला सापडलं, तेही कुत्र्यावरच्या उवेत. पिसूचा वाटा त्यानंतर वीसेक वर्षांनी कळला. लहान मुलांनी खेळताना पिसू गिळली तर त्यांनाही तो होतो.

गोचिडींची गोष्ट वेगळी आणि लांब आहे. कुत्र्यांचा टिक फीव्हर घडवणारा एक परजीवी गोचिडीच्या पोटात कसा वाढतो, हे क्रिस्टोफर्सनं इथेच, हिंदुस्थानात, १९०७ मध्ये दाखवलं. दुसरा पॅटननं १९१० मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या कळपात शोधला, मग कोल्ह्यातही. एका आवारात पन्नास कुत्री ठेवणाऱ्या साहेबांना हा रोग आधी भेटावा यात नवल नाही. तपकिरी गोचीड अंडी घालायला कुत्र्यावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत, चौकटीमागे वर चढते. म्हणजे पुन्हा भिंत, पुन्हा फट.

*

लिस्टनच्या चाळीची हकिकत मी गेल्या गणपतीत बाबांना वाचून दाखवली. आजी आता नाही. बाबांची पासष्टी झालीये, चाळ पाडून झालेल्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि भुरू आला की त्याला मुद्दाम सोफ्यावर घेतात. व्हरांड्यात झोपायला लागलेली माणसं, ३० पिसवा, १४ उंदरांवरच्या, सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं. मी वाचायची थांबले तरी बोलेनात.

मग म्हणाले, "मी दुसऱ्या दिवशी गेलो होतो परत. मार्केटमागे. पिशवी घेऊन."

"मला कधी बोलला नाहीत."

"सापडली असती तर बोललो असतो."